प्रायमरचा शेवटचा डबा

गेल्या शनिवारी न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावच्या बंदुकांच्या दुकानात, घरी काडतुसं भरायला लागणाऱ्या प्रायमरचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इवल्या टोप्यांचा, शेवटचा डबा विकला गेला. मी गमबूट घ्यायला गेलो होतो. रांगेत माझ्यापुढचा म्हातारा शेतकरी एक रिकामं काडतूस बोटांत फिरवत होता.

"तयार काडतुसं परवडत नाहीत, मेट," तो मला म्हणाला. " तीन दुकानं पालथी घातली. ससे माझा कोबी फस्त करताहेत."

डबा समोर आला, तसं त्याने मागे पाहिलं. माझ्यामागे त्याची शेजारीण उभी होती, तिच्याही हातात रिकामं काडतूस होतं.

"तूच घे," तो तिला म्हणाला. " ससे तुझ्याच कुंपणाखालून येतात."

"आणि तुझा कोबी?"

"तू नेम चुकवू नकोस."

इतकी वणवण करून त्याने डबा का सोडला, मला कळेना. दुकानदाराने तिचा परवाना तपासून डबा तिला दिला. म्हाताऱ्याने कोबीभोवती लावायला जाळीचं भेंडोळं विकत घेतलं.