व्याज कधीच न थकवल्याची शिक्षा

इंदूर संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं आणि वडिलांची कचेरी बंद पडली. हातात राहिलं तुटपुंजं पेन्शन. त्यातच ताईचं लग्न ठरलं. वडिलांनी कचेरीतल्या एका जुन्या सोबत्याकडून पैसे घेतले, बडा गणपतीमागचं आमचं दोन खोल्यांचं घर गहाण ठेवून.

व्याज जबर होतं, तरी वडील निर्धास्त होते. दरबारी कारकुनीत हयात गेलेली, त्यामुळे दामदुपटीचा नियम त्यांना तोंडपाठ. व्याज मुद्दलाएवढं झालं की पुढे पैसुद्धा चढत नाही, असं ते आईला ठासून सांगत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतः जाऊन व्याज देऊन येत. घरात वरण पातळ होत गेलं, पण ती तारीख चुकली नाही. त्यांच्या या ताठ्याची मला चीड यायची.

दिलेलं व्याज मुद्दलाएवढं झालं, तेव्हा वडील सोबत्याला म्हणाले, "आता देईन ते मुद्दलात धरा."

"असं कसं, दादासाहेब? ब्याज तर चालूच राहणार ना!"

वडील तडक वकिलाकडे गेले. मी बरोबर होतो.

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. "नियम सही आहे, दादासाहेब, पण तो थकलेल्या व्याजाला. तुम्ही तर कधी थकवलंच नाही. चूप बसला असता, तर ब्याज मुद्दलापाशी येऊन रुकलं असतं."

"म्हणजे बुडवणाऱ्याला सवलत, आणि मी..." वडील म्हणाले.

"आता तरी बंद करा. तो कोर्टात गेला तर बघून घेऊ."

घरी आल्यावर मीही तेच लावून धरलं. व्याज भरता भरता घर जाईल या धास्तीने आईने तर त्यांच्यापुढे हात जोडले. पण पहिली तारीख उजाडली आणि वडील पैसे घेऊन निघाले. दिलेला शब्द मोडून त्या माणसाला तोंड दाखवणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. मी आरडाओरडा केला. त्यांनी चपला घातल्या आणि गेले.

शेवटी घर विकावं लागलं. मुद्दल चुकतं करून वडील जुन्या इंदुरातल्या आमच्या नव्या भाड्याच्या खोलीत आले आणि सामानाच्या बोचक्यावर बसले.

"मी चुकलो का गं?" त्यांनी आईला विचारलं.

आई चूल मांडायला वळली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.