पाच बोटांची तंटामुक्ती

"हे बोट बेइमान हाय. ह्याची गवाही धरू नका. पुढचं बोलवा."

सकाळी दूधवाल्याच्या आधी आमच्या गल्लीत हा आवाज यायचा. आवाज असा, की शहरात आमच्या गारखेड्यात सुटला तर पार करमाडच्या म्हशी दचकून दूध चोरायच्या. मी तिथं नवीन राहायला आलो होतो. पहिल्याच सकाळी वाटलं, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मुडदा पडतोय. अनवाणी जिना चढून गेलो. बघतो तर दामूआबा सोफ्यावर मांडी घालून बसलेले. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, डावा पंजा आरोपीसारखा पुढं धरलेला, आणि टीपॉयवर साबणाच्या वडीएवढं साखर मोजायचं मशीन. शेजारी कौसाकाकू, म्हणजे आबांच्या मंडळी, लसूण सोलत होत्या. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की बसा, दोन बोटं राहिलीत, ती उरकली की चहा टाकते.

आबा म्हणजे करमाडच्या पलीकडच्या एका खेड्यातले तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. बांध कोरला, पाइपलाइन फोडली, शेळी कपाशीत शिरली, सगळे तंटे त्यांच्या ओट्यावर मिटायचे. गावातली कुत्रीसुद्धा भांडली की आपापली बाजू मांडायला आबांकडे यायची असं ते स्वतः सांगत, आणि दोन्ही कुत्र्यांची नावं सांगत. पुढं मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात लागला, त्यानं गारखेड्यात घर घेतलं आणि आईबापाला शहरात आणलं. शहरात आबांची उपासमार झाली. भाकरीची नाही, भांडणांची. इथली माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, तर भांडणार कधी? अशात डॉक्टरांनी त्यांची साखर पकडली, इन्सुलिनची सुई लावली आणि घरी तपासायला मशीन दिलं. आबांना मनासारखा तंटा सापडला.

त्यांची पद्धत अशी. आधी तर्जनी. मशीन म्हणायचं दोनशे दहा. लगेच मधलं बोट. मशीन म्हणायचं एकशे ब्याऐंशी. इथं आबांची मान ताठ व्हायची.

"एका हाताचे सख्खे भाऊ. एक म्हणतो दोनशे दहा, दुसरा म्हणतो एकशे ब्याऐंशी. कुणीतरी खोटं बोलतंय का नाय?"

मग करंगळीपर्यंत सगळ्यांची जबानी व्हायची. अंगठा सरपंच, त्याला शेवटी विचारायचं. एवढं रक्त सांडल्यावर आबा डोळे मिटून न्याय द्यायचे. "मधून बांध घाला. एकशे शहाण्णव. फैसला." आणि त्या तडजोडीच्या आकड्यावर सुईत औषध किती घ्यायचं ते स्वतःच ठरवायचे. मशीनला हात असते तर त्यानं ते जोडले असते.

एकदा त्यांना मशीनचाच संशय आला. मला वर बोलावलं आणि तटस्थ साक्षीदार म्हणून माझं बोट मागितलं. नवी सुई लावून टोचलं. शहाण्णव आली. आबा नाराज झाले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "वय बी कमी, पगार बी कमी, साखर बी कमी. ह्या माणसाची गवाही काय कामाची?"

शेवटी मुलानं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. सोबत मीही होतो, कारण आबांना बाहेर माणसं लागत. डॉक्टर बिचारे जीव तोडून सांगत होते. म्हणाले, दोन बोटांत, अगदी एकाच बोटाच्या दोन थेंबांतही थोडा फरक येणारच, त्यात कुणी खोटं बोलत नसतं. जेवणानं साखर चढते, चालण्यानं उतरते, ताप आला, झोप मोडली, कुणाशी कडाक्यानं भांडलं तरी हलते. एका आकड्याच्या मागं धावू नका, ठरलेल्या वेळेला साबणानं हात धुऊन, कोरडे करून एकदाच तपासा, आणि काही दिवसांचा कल मला दाखवा. सुईचं प्रमाण मी ठरवीन, तुम्ही नाही. आणि सुई घेतली की जेवण चुकवायचं नाही, नाहीतर साखर धोक्याएवढी खाली जाते. आबांनी सगळं मान हलवत ऐकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर बी तडजोडच करा म्हणतोय. मानूस शहाना हाय." कौसाकाकूही बरोबर आल्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं होतं.

आबा मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेत, शांतपणे. साखरेचा त्यात काही हात नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो, नाहीतर वर बसून ते निष्पाप बोटांवर खटला चालवतील. पण त्याच्या बऱ्याच आधी, एका सकाळी, ते आमच्या डोळ्यांदेखत निघालेच होते.

त्या सकाळी आबांनी सुई घेतली, काकूंनी ताट वाढायला घेतलं, आणि खाली गल्लीत दोन शेजाऱ्यांची गाडी लावण्यावरून जुंपली. शहरातला पहिला खराखुरा तंटा. आबा ताटाकडे न बघता जिना उतरले. गावची त्यांची रीत होती, की दोन्ही बाजूंनी एकाच फळाच्या फोडी खाल्ल्याशिवाय बोलणी सुरू करायची नाहीत. फळ सोलायचं अध्यक्षानं, स्वतःच्या हातानं, आणि अध्यक्षानं त्यातलं काही खायचं नाही. आबांनी मोसंब्या मागवल्या. इतक्या सोलल्या की गल्लीभर वास सुटला. तंटा मिटला, दोघं हसत घरी गेले, आणि आबा घामानं डबडबून वर आले.

थंडीचे दिवस, आणि बंडी पिळून काढावी असा घाम. हात थरथरत होते. मला ते गावातल्या कुठल्या तरी गणपतच्या नावानं हाका मारू लागले. आल्याआल्या मशीन मागितलं. पहिलं बोट तीनशेच्या वर. दुसरं तीनशेच्या वर. तिसरं, चौथं, सरपंच, सगळे तीनशेच्या वर. पाचही बोटांचं एकमत आबांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच झालं होतं. मीही ते आकडे खरे धरले.

"ठराव मंजूर," आबा म्हणाले. जीभ जड झाली होती. "सुई आन. दुप्पट घेतो."

काकूंनी सुईचं पेन उचललं आणि कमरेला खोचलं. आबा ओरडले, शिव्या दिल्या, काकूंच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार केला. काकूंनी त्यांचा हात धरून नळाखाली घातला, साबण लावला, पंच्यानं खसखसून पुसला आणि पुन्हा एक बोट टोचलं.

चोपन्न.

तोवर आबांचा आवाज बंद झाला होता. वर आणखी दुप्पट सुई गेली असती, तर पुढचा फैसला वरच्या कोर्टातच झाला असता. काकूंनी साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, थोड्या वेळानं परत तपासलं, आकडा चढल्यावर भाकरी भरवली. मग कुठं आबांनी मला माझ्या नावानं हाक मारली.

बराच वेळ ते स्वतःचा पंजा उलटासुलटा करून बघत राहिले.

"पन कौसा, पाचही जनांचं एकमत व्हतं."

काकू ताट उचलत म्हणाल्या, "पाचही जन मोसंबी खाऊन आले व्हते."