कोऱ्या कार्डावरचा आंबा

पोर सहा वर्षांची होईस्तोवर मी तिला सोंगाडी समजत होते. आई आहे मी तिची, आणि वर शिकवणारी बाई. तरी समजत होते.

विंझरच्या वर, वेल्ह्याच्या बाजूला डोंगरात आमची वाडी आहे. घरी शेळ्या-मेंढ्या, आणि मी वाडीतली अंगणवाडी चालवते. पोर जन्मली तेव्हा रडायला उशीर लागला, तिसऱ्या दिवशी झटके आले. चालायलाही उशिराच लागली. पुढ्यात ठेवलेली भाकरी तिला सापडायची नाही, म्हणून भोरला डोळ्यांच्या शिबिरात नेली. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "डोळे चांगले आहेत." ते खरंच होतं. पण त्या एका वाक्यावर आम्ही घरच्यांनी ठरवूनच टाकलं, की डोळे चांगले म्हणजे हिला दिसतं, आणि दिसतं तरी चाचपडते म्हणजे ही नाटकं करते.

पुरावाही होता आमच्याकडं. पलीकडच्या उतारावर करडू पळालं की सगळ्यात आधी हिलाच कळायचं. आणि ताटातली भाकरी मात्र शोधत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "लांबचं करडू दिसतं अन् नाकाखालची भाकर दिसत न्हाई व्हय? लई सोंगाची हाय." मीही मान डोलवायची. मला तर जास्तच राग यायचा. लोकांची पोरं माझ्याकडं शिकतात, आणि माझीच ढ म्हणजे काय.

अंगणवाडीच्या भिंतीवर फळांचा तक्ता आहे. वीस चित्रं, एकाला एक चिकटून. बाकीची पोरं घरी गेली की मी हिला तक्त्यासमोर उभी करायची आणि छडीनं चित्रावर टकटक करायची. "हे काय? नीट बघ. दिसतंय ना?" गप्प राहिली की गालावर एक चापट. "न्हाई दिसत" म्हणाली की दोन, कारण डॉक्टर खोटं कशाला सांगतील. पंधरा दिवसांत पोर सुतासारखी सरळ आली. छडी वाजली की आंबा, केळं, पेरू, सीताफळ, धडाधड. आमच्या वरच्या बाई तपासणीला आल्या तेव्हा त्यांच्यापुढंही मी तिला म्हणायला लावलं. त्यांनी शाबासकी दिली आणि मी घरी जाऊन शिरा केला.

पहिलीत गेल्यावर सगळं उघडं पडलं. तिला पुस्तकातल्या अक्षरावर बोट ठेवता येईना. गुरुजी म्हणाले, पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. हिचे वडील, मी आणि ती, तिघं एसटीनं गेलो.

डॉक्टर बाई होत्या, बोलायला मऊ. त्यांनी तिच्यासमोर एक कार्ड धरलं. "बाळ, काय दिसतं?"

"आंबा," पोर म्हणाली.

मला बरं वाटलं. वाकून बघितलं तर कार्ड कोरं होतं. पांढरंफटक. बाईंनी दुसरं धरलं, तेही कोरंच. "केळं." तिसरं. "पेरू."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कार्डं खाली ठेवून एवढंच म्हणाल्या, "दिसत नाही असं म्हणायची हिला भीती वाटते. घरी कोण विचारतं हिला?" हिचे वडील माझ्याकडं बघायला लागले. मी फरशीकडं.

मग बाईंनी समजावलं. डोळा बघतो, पण बघितलेलं उलगडतो मेंदू, आणि जन्माच्या वेळी तिच्या मेंदूच्या त्याच भागाला धक्का बसलाय. दाटीवाटीत ठेवलेलं तिला हरवतं. साध्या कापडावर एकच वस्तू ठेवली तर सापडेल. हलणारं तिला सगळ्यात चांगलं दिसतं. "घरात आईवडीलच तिची शाळा," त्या म्हणाल्या. "पण आधी तिनं खरं सांगायला पाहिजे. नाहीतर तिला काय दिसतं आणि काय नाही, हे तुम्हाला कळणार कसं?"

परतीची एसटी नसरापूरला वळली तेव्हा मला आमची शेळ्यांची वाट आठवली. घरामागून कड्याच्या अंगानं जाते. रोज सकाळी मी विचारायची, "कडा दिसतोय ना?" ती म्हणायची, "दिसतोय." आणि मी तिचा हात सोडून पुढं चालायला लागायची. रोज. मी खिडकीतून तोंड बाहेर काढून ओकले. लोकांना वाटलं, गाडी लागली.

घरी सगळं ऐकून सासूबाई उठल्या. त्यांनी आपली काळी घोंगडी आणली आणि ओसरीवर अंथरली. त्यावर एकच पिवळी वाटी ठेवायची, दुसरं काही नाही. पोरीला सापडली नाही की सासूबाई वाटी जरा हलवायच्या. "मेंढराला पाला दावतो तसं दाव," मला शिकवायच्या. महिन्याभरात पोर वाटी उचलायला लागली, मग भाकरीही.

पण "न्हाई दिसत" काही तोंडातून निघेना. घोंगडीवर काहीच न ठेवता विचारलं तरी म्हणायची, "वाटी." मी गोड बोलले, जवळ घेतलं, शपथा घातल्या, "कुणी मारत न्हाई बाई आता." तिला वाटायचं ही नवीन परीक्षा. दिवाळी गेली, होळी गेली. पोरीचा माझ्यावरचा विश्वासच मी मारलाय, असं वाटून मला जेवण जाईना.

परवा मी अंगणात उभी होते. मागं दोरीवर कपडे वाळत घातलेले, सगळे रंगीबेरंगी. ती ओसरीवर बसली होती. मी म्हटलं, "मी कुठं हाय, सांग बरं."

तिनं मान इकडून तिकडं फिरवली. ओठ हलले, थांबले. मग अगदी हळू म्हणाली, "न्हाई दिसत, आई."

जन्मात कुठल्या शब्दांचा एवढा आनंद झाला नव्हता मला. हलणारं तिला दिसतं हे आठवलं, आणि मी हितं हाय हे कळावं म्हणून हात उंच करून हलवला.

तो मात्र तिला लगेच दिसला. तिनं दोन्ही गाल झाकून घेतले.