सर्टिफाइड दादा

स्वतः थेंबभर घाम न गाळता दुसऱ्याला निथळवून काढायची विद्या साऱ्या पृथ्वीतलावर एकाच माणसाला साधली होती, आणि दुर्दैवानं तो माझा मावसभाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. जोगेश्वरीच्या दोन खोल्यांत तो मावशीबरोबर राहायचा. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी तो त्याचा कणा तपासायचा. "सरळ बसा. असं बसलात तर मणके रुसतात," हे तो सांगायचा तेव्हा स्वतः मात्र पोटाशी उशी धरून लोडाला टेकलेला असायचा. रेशनच्या रांगेत लोकांना टाचा उचलायला लावायचा आणि त्यांच्या टाचा वर असतानाच हळूच पुढे सरकायचा. आमच्याकडे मुलुंडला आला की प्रत्येक मजल्यावर थांबायचा. दम लागला म्हणून नव्हे हं, "नाडी बघतोय" म्हणून.

संपात गिरणी बंद पडली, हिशेबखात्यातली त्याची नोकरी गेली, आणि दादानं जाहीर केलं की आपण व्यायामशिक्षक होणार, तेही रीतसर सर्टिफिकेट घेऊन. तेव्हा अंधेरीकडे गार हवेचे हेल्थ क्लब निघू लागले होते. तिथे लंगोटवाले वस्ताद नको होते, ट्रॅकसूटमधले इन्स्ट्रक्टर हवे होते. दादानं आधी ट्रॅकसूट घेतला. मग घाटकोपरला साड्यांच्या दुकानावर चालणाऱ्या एका वर्गात नाव घातलं. स्नायूंची नावं त्यानं अशी घोकली, की मावशीला वाटलं मुलगा स्तोत्र म्हणतोय. ती रोज समोर निरांजन ठेवायची.

प्रात्यक्षिक परीक्षेला सोबत म्हणून मी गेलो होतो. परीक्षक म्हणाले, "एक बैठक मारून दाखवा."

"आधी तिच्यामागचं तत्त्व सांगतो," दादा म्हणाला.

"तत्त्व राहू द्या. बूड खाली न्या."

दादा खाली गेला. वर मात्र आला नाही. दोघा उमेदवारांनी काखेत हात घालून त्याला उभा केला, तेव्हाही तो त्यांना कुठला स्नायू ओढताय ते सांगत होता. अर्थातच नापास. पुढच्या खेपेला पास झाला. तत्त्व ऐकण्यापेक्षा सही करणं परीक्षकांना सोपं वाटलं असावं. मावशीनं सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीशेजारी लावलं आणि दोघांनाही हार घातला.

अंधेरीच्या क्लबात त्याच्या वाट्याला पहिलाच एक गलेलठ्ठ व्यापारी आला. दादानं त्याला वजनांना हात लावू दिला नाही. आठवडाभर नुसता श्वास. शेवटी व्यापारी मालकाकडे जाऊन ओरडला, "अरे यार, हा श्वास मी घरी फुकट घेतो ना!" त्याच संध्याकाळी मालकानं दादाला घरची वाट दाखवली.

जोगेश्वरीत त्याला कुणी उभं करेना, तेव्हा त्यानं आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बायकांचा वर्ग काढला. माझे वडील जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि आई उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. आम्ही सगळे सांगून थकलो होतो. दादानं विचारलंच नाही. शिट्टी फुंकत घरात शिरला, "मावशे, चल गो, बायका खोळंबल्यात," म्हणत तिचा हात धरला आणि गच्चीवर नेऊन तिला पहिल्या रांगेत उभी केली.

"हात वर! खांद्याच्या वर!"

आई त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे दोन्ही हात कमरेवर होते. "मेल्या, आधी तुझे हात वर करून दाखय!"

बायका खो खो हसल्या. मग आईही हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी जिन्याच्या दारात उभा होतो. ते हसू मी विसरलोच होतो.

वर्षभरानं दादाला गोवंडीच्या एका गोदामात कारकुनी मिळाली आणि वर्ग बंद झाला. शेवटच्या दिवशी बायकांनी त्याला नारळ आणि शर्टपीस दिला. आई त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेली. आता ती एकटीही खाली उतरायची.

"आता आमच्यावर ओरडणार कोण रे?" तिनं विचारलं.

दादानं वाकून तिच्या पायांना हात लावला आणि मागे न बघता स्टेशनच्या दिशेनं चालू लागला. तो दिसेनासा झाला तरी आई बराच वेळ तिथेच उभी होती.