दोनदा टांगलेला चौदा नंबर

डबाबंद सार्डिन मासे विकणाऱ्या ‘तीन लाटा’ कंपनीच्या बास्केटबॉल संघाने सहा वर्षांपूर्वी नोली मकाराएगला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. लोक इतके चिडले, की कंपनीने त्याची चौदा नंबरची जर्सी घाईघाईने पासिगमधल्या सरावाच्या जिमच्या छताला टांगली. हा नंबर यापुढे कुणी घालायचा नाही, असं जाहीर झालं. अख्खं डुक्कर भाजलं गेलं, भाषणं झाली. नोलीला बोलावणं नव्हतं.

त्यानंतर संघाने दोन विजेतेपदं मिळवली.

यंदा दोन तरुणांच्या अदलाबदलीत वजन भरायला म्हणून सदतीस वर्षांचा नोली परत आला. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. हा शेवटचा मोसम, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला एकच गोष्ट हवी होती. चौदा नंबर घालून खेळायचं.

“कोच, तो नंबर माझाच आहे ना?”

“होता. आता छताचा आहे.”

“मग उतरवा की.”

“हे बघ नोली, तू गेलास, तो वर गेला, आम्ही दोनदा जिंकलो. एवढं गणित मला येतं.”

कोच बुस्तमांते शिकलेला इंजिनियर आहे. कुणी उजव्या पायात आधी बूट घातला, तर त्याला तो अख्खा सामना बाकावर बसवतो.

नोलीला एकेचाळीस नंबर मिळाला. तीस वर्षं संघाचे टॉवेल, चेंडू आणि कपडे सांभाळणारे मांग दादो, म्हणजे दादोकाका, म्हणाले, “आकडे तेच आहेत रे. वयाप्रमाणे उलटे झालेत, एवढंच.”

एकेचाळीस नंबरवर संघ लागोपाठ पाच सामने हरला. पाचव्या पराभवानंतर कोच बराच वेळ छताकडे बघत राहिला. “नशीब वर अडकलंय,” तो म्हणाला. “काढा खाली.”

मांग दादोंनी शिडी लावली, पालीची घाण झटकली. जर्सी नोलीच्या पोटावर ताणली गेली.

“फार श्वास घेऊ नकोस,” ते म्हणाले. “शिवण जुनी आहे.”

पुढच्या सामन्यात नोली अकरा मिनिटं खेळला. चार गुण. त्यातले दोन कोपऱ्यातून, मागे झुकत, त्याच्या जुन्या पद्धतीने. वरच्या स्वस्त रांगांतले लोक उभे राहिले. घरी त्याच्या बायकोने, सेल्साने, टीव्हीचा फोटो काढून ठेवला. संघ दोन गुणांनी हरला.

“आता खात्री झाली,” कोच म्हणाला.

सोमवारी जर्सी परत वर न्यायचं ठरलं. या वेळी सगळं रीतसर झालं: भाजलेलं डुक्कर, पान्सितच्या शेवया, मानचिन्ह आणि नोलीला निमंत्रणसुद्धा. मानचिन्हाबरोबर एक पाकीट होतं. त्यात करार संपवल्याचं पत्र होतं. आपल्याकडे सत्कार आणि निरोप यांना वेगळा मंडप लागत नाही.

शिडी लावण्याआधी कोचने जर्सी नाकाजवळ नेली. “मांग दादो, ही धुतली नाही?”

“धुतली तर नशीब जातं, कोच.”

इंजिनियरने विचार केला आणि मान हलवली.

घामाचे पांढरे डाग असलेली जर्सी वर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नोली खाली शिडी धरून उभा होता.

“डावीकडून जरा वर घ्या, मांग दादो,” तो म्हणाला. “तिरकी दिसतेय.”