पाटीखालचा रंग

आज सकाळी कॉलेजात गेलो, तर आमच्या दाराशेजारची ‘तत्त्वज्ञान विभाग’ ही पाटी काढलेली. पाटी होती तेवढ्या जागेत भिंतीचा मूळचा पिवळा रंग लख्ख उरला होता. बाकीची भिंत कधी काळवंडली, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी बघत राहिलो. जग मळलंय हे कळायला एक तरी न मळलेली जागा लागते. आमच्या विषयाने दुसरं काय केलं?

जन्मभर मी वर्गात एकच नियम पाळला. कुणीही, अगदी मीसुद्धा, काही ठासून बोललं की समोरच्याने ‘कशावरून?’ म्हणून अडवायचं. सुरुवातीला मुलं बिचकतात. दिवाळीपर्यंत मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीत.

तेवढ्यात प्राचार्य आले. “सर, वाईट वाटून घेऊ नका. यंदा एकच विद्यार्थिनी आहे. या विषयाचा आता काही उपयोग राहिलेला नाही.”

मी तोंड उघडणार, तोच माझ्या मागून ती एकुलती एक विद्यार्थिनी, सारिका, शांतपणे म्हणाली, “कशावरून, सर?”

प्राचार्यांनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही त्यांच्या मदतीला गेलो नाही. पाटी घ्या, खोली घ्या. मी व्हरांड्यात शिकवीन. ते उत्तर शोधत उभे होते. म्हणजे तास सुरू झाला होता, आणि पट एकाने वाढला होता.