मोठ्यानं सांग, मंगल

बायजाक्काला प्रेमाची गोष्ट हळू आवाजात सांगितलेली चालत नसे. भुताची तर नाहीच नाही. आणि दोन्ही एकाच गोष्टीत असतील, तर आवाज उसाच्या पल्याडच्या बांधापर्यंत गेला पाहिजे, असा तिचा नियम होता. "मोठ्यानं सांग, मंगल," ती म्हणायची, "आपल्याला ऐकाया आन् त्याला पळाया." तो म्हणजे बिबट्या.

आमचा मळा निमगाव साव्याच्या गावठाणापासून दोनेक किलोमीटर आत. मधली वाट दोन्ही बाजूंनी उसाची. आमच्या घरात दहावी पास झालेली मी पहिली. आळेफाट्याच्या ज्युनिअर कॉलेजात प्रवेश झाला आणि आठवड्याभरात शेजारच्या गोठ्यातलं वासरू बिबट्यानं नेलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवता जेवता सांगून टाकलं की कॉलेज राहू दे. सकाळी मला एसटीपर्यंत सोडावं तर धारांची वेळ, संध्याकाळी आणावं तर पाणी भरायची. ते रागावून बोलले असते तर मी भांडले तरी असते. ते समजावून बोलले.

बायजाक्का आमच्याच मळ्यातली. उंच, सावळी, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. नवरा ऐन तिशीत गेला, तेव्हापासून ती खुरपणीला जाणाऱ्या आठ-दहा बायकांची टोळी चालवायची. त्यांची वाटही तीच. माझं कॉलेज बंद झाल्याचं कळलं तशी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि दादांना म्हणाली, "भाऊ, पोरगी आमच्यासंगं येऊ द्या. जाताना एसटीत बसवू, येताना उतरून घिऊ. धा जणींत वाघ काय हिलाच निवडून काढणार हाय का?"

दादा हसले आणि माझं कॉलेज सुरू झालं. पण दुसऱ्या दिवशी वाटेला लागताच बायजाक्कानं अट घातली. उसातून जाताना बोलत राहावं लागतं, माणसाचा आवाज असला की जनावर बाजूला होतं. पण या बायकांचं एकमेकींशी सगळं बोलून झालेलं होतं. तेव्हा बोलायचं काम आता माझं. मी मुलखाची लाजरी. कसंबसं इतिहासाचं पुस्तक काढून पहिला धडा वाचायला लागले. चार दिवस बायकांनी जांभया आवरल्या. पाचव्या दिवशी बायजाक्का म्हणाली, "ह्यानं वाघ झोपंल गं, जायाचा न्हाई."

आळेफाट्याच्या स्टँडवर जुन्या पुस्तकांची टपरी होती. एक दिलं की दुसरं बदलून मिळायचं. तिथं मला एक किशोर कादंबरी सापडली. मुखपृष्ठावर मेणबत्ती धरलेली मुलगी आणि तिच्यामागे निळ्या चेहऱ्याचा मुलगा. डोंगरावरच्या वसतिगृहात राहणारी सोळा वर्षांची मुलगी, तिला फक्त धुक्यात भेटणारा एक मुलगा, आणि तो तीस वर्षांपूर्वी मेलेला आहे हे तिला ठाऊक नाही. मी एसटीत दोन प्रकरणं वाचली आणि संध्याकाळी वाटेवर सांगितली. दुसऱ्या दिवशी टोळी नेहमीपेक्षा लवकर आमच्या दारात हजर होती.

तिथून पुढे दोन वर्षं मी तसलीच पुस्तकं शोधत राहिले. पुस्तकं कोवळ्या पोरींसाठी लिहिलेली आणि ऐकणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या. पण त्या अशा ऐकायच्या, जणू त्यांचं सोळावं वरीस लग्नाच्या गडबडीत ऐकायचं राहून गेलं होतं. मध्ये मध्ये शंकाही निघायच्या. रोज धुक्यात उभं राहून पोरीला सर्दी कशी होत नाही? एका म्हातारीनं तर त्या मुलाची जात विचारली. बायजाक्का मागं न बघता म्हणाली, "मेल्यावं बी इचारायची का आता?"

प्रेमाचा भाग आला की माझा आवाज आपोआप खाली जायचा. मग ती खुरप्याच्या मुठीनं माझ्या दप्तरावर टकटक करायची, "प्रेमाचं बी मोठ्यानं." एकदा संध्याकाळी डाव्या हाताचा ऊस सळसळला. वारा अजिबात नव्हता. सगळ्या थबकल्या. बायजाक्का शांतपणे म्हणाली, "थांबू नको. कुठं व्हतीस?" मी होते तिथलं वाक्य असं होतं: तुझ्यावाचून मला या जगात कुणी नाही. ते मी घसा फाटेस्तोवर, उसाकडे तोंड करून ओरडले. सळसळ लांब लांब गेली. जरा वेळानं बायजाक्का म्हणाली, "लगीन झालेला आसंल." बायका हसून हसून वाटेतच बसल्या. सकाळी तिथल्या ओल्या पाटात पंजे उमटलेले दिसले.

असल्या गोष्टी तिला इतक्या का आवडतात, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "भ्यायलं की छातीत धडधडतं, आन् आवडतं माणूस दिसलं की बी तसंच धडधडतं. आमच्या नशिबात नुसतं भ्यायचं धडधडणं आलं. ह्यात दोन्ही मिळतंय." मग थोडं चालून म्हणाली, "आन् मला कळत न्हाई, ती पोरगी आधी किंचाळती कशापायी? गेलेलं माणूस परत आलं तर भ्यायचं व्हय? चहा टाकायचा." तिनं डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा गुंडाळला. "सांग गं फुडं," ती म्हणाली, "ऊस वाजाया लागला."

एवढं मोठ्यानं सांगितलेलं शिवारात किती दिवस लपणार? एका संध्याकाळी वाटेच्या तोंडाशी दादा उभे. त्यांनी हात पुढे केला आणि मी पुस्तक दिलं. मुखपृष्ठ बराच वेळ पाहून ते म्हणाले, "हे शिकाया जाती व्हय तू?" आवाज अगदी साधा होता. कॉलेज संपलं, एवढंच मला कळलं.

बायजाक्का माझ्या पुढे येऊन उभी राहिली. "भाऊ, वंगाळ आसतं ते पोरी कानात सांगत्यात. ही सगळ्या शिवाराला ऐकू जाईल आसं वरडती. लपवायचं आसतं तर वरडली आसती का? आन् हिच्या वरडण्यानं आमी धा जणी रोज घरी पोचतोय."

दादांनी पुस्तक फिरवून परत पाहिलं. मग निळ्या मुलावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कोण?"

"त्यो मेलेला हाय," बायजाक्का म्हणाली.

"मेलेला हाय?" दादांचा चेहरा सैल झाला. "मग ऱ्हाऊ दे." त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि आमच्या पुढे चालू लागले. घर येईपर्यंत मी सांगत होते, ते मागे वळले नाहीत, पण चालही वाढवली नाही.

बारावीनंतर पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी टोळीनं पहिलीच गोष्ट, धुक्यातली, पुन्हा मागितली. शेवटच्या प्रकरणाशी आले तशी बायजाक्कानं मला थांबवलं. आधी जेव्हा सांगितली होती तेव्हा तिला ताप होता, शेवट तेवढा तिचा हुकला होता. "आता बी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "शेवट सांगून टाकलास तर परत कशाला येशील?"

मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, शिक्षिका झाले. नोकरीच्या पहिल्या दिवशी सत्तर मुलांच्या वर्गात बोलले तर मुख्याध्यापक कार्यालयातून बघायला आले, एवढा आवाज कुणाचा म्हणून. सुट्टीत मळ्यात जायचे, पण बायजाक्का तेव्हा मुलाकडे चाकणला राहायला गेलेली. ती मुला-सुनेसह परत यायला काही वर्षं गेली.

मी गेले तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, तोंड उसाकडे. सून म्हणाली की त्यांना आता ऐकायला येत नाही, दिसतंही अंधुक, तुम्हाला ओळखायच्या नाहीत. मी अंगणातच उभी राहिले आणि वाटेवरच्या आवाजात सुरू केलं, "धुकं उतरलं, आणि तो पायरीवर उभा होता..."

बायजाक्का ताठ झाली. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. सुनेला म्हणाली, "चहा टाक."

शेवट मी चहा झाल्यावर सांगितला. प्रेमाचा भागसुद्धा, मोठ्यानं.